पूर्णविराम कोणी दिला?

निरोप भरदुपारी आला आणि पाठोपाठ पाठवणाऱ्याचं खातंच बंद झालं.

'माझा प्रवास येथे संपला आहे. सर्वांचे आभार. कृपया माझा शोध घेऊ नये.'

ताईने निरोप पुन्हा पुन्हा वाचला. छापखाना बंद पडला तेव्हा तिची मुद्रितशोधकाची नोकरी गेली होती. घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा तिने 'थांबा' नावाचा ऑनलाइन गट काढला. नोकरी गेलेल्यांनी टोपणनावाने यावं, मन मोकळं करावं, एकमेकांच्या मुलाखतींची तयारी करून घ्यावी. बघता बघता गट शेकड्यांचा झाला. आता ते सगळे एकच विचारत होते, "ताई, त्याने जिवाचं काही करून घेतलं नसेल ना?"

तो म्हणजे 'मुलंखात'. बोटं जाड, अक्षरं बारीक, म्हणून तो फोनशी बोलून लिहायचा. फोनने त्याचं 'उद्या मुलाखत आहे' ऐकलं आणि 'उद्या मुलं खात आहे' असं उमटवलं. तेव्हापासून हेच नाव पडलं. घरी अजून काही कळू दिलेलं नाही, रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो, एवढंच गटाला ठाऊक होतं.

त्याचं घर माहीत असलेला एकच माणूस होता. गटातल्या ड्रायव्हरकडे मुलाखतीला घालायला बूट नव्हते, तेव्हा मुलंखातने स्वतःचे पाठवले होते. खोक्यावर पत्ता आणि नंबर होता.

ड्रायव्हर गाडी घेऊन आला. ताई वाटभर नंबर फिरवत राहिली. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं.

"पोलिसांना सांगितलंस?" ड्रायव्हरने विचारलं.

"सांगितलं. पण टोपणनावाचा माणूस शोधायचा कुठे, म्हणाले. पत्ता मिळाला की जाऊन बघा, मग कळवा." ती पुन्हा निरोप वाचू लागली. काहीतरी खटकत होतं. काय, ते हाती लागत नव्हतं.

दार मुलंखातच्या बायकोने उघडलं. हातात लाल पेन होतं. आत टेबलावर मुलांच्या वह्यांची चळत, खिडकीशी खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ.

ताईने मनाशी ठरवलं, त्याचं गुपित आपल्या तोंडून फुटायचं नाही.

"वहिनी, आमचा वाचकांचा गट आहे. तुमचे यजमान त्यात आहेत. फोन उचलत नाहीत, म्हणून सहज आलो."

"ते ऑफिसला गेलेत. फोन इथेच विसरले सकाळी. मी आत्ताच शाळेतून आले."

ताई चमकली. सकाळपासून फोन घरात होता, तर दुपारचा निरोप कोणी लिहिला?

"फोन कुठे आहे?"

"टेबलावरच असेल." बायकोने वह्या हलवल्या. "इथे नाही. बाबा, तुम्ही उचललात का?"

सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढून दिला. "सारखा गुरगुरत होता."

"काका, तुम्ही कुठे होतात नोकरीला?"

"सरकारी कचेरीत. टंकलेखक." त्यांची पाठ ताठ झाली. "चौकशा पुरे. आमच्या घरात कोणी बेकार बसलेलं नाही. माझ्या मुलाला तुमच्या गटाची गरज नाही!"

ड्रायव्हरने ताईकडे पाहिलं.

बायको हळूच म्हणाली, "बाबा, बेकार कोण म्हणालं?"

सासऱ्यांनी मान खिडकीकडे फिरवली.

"कोणीच नाही म्हणालं," ताई बोलली. "मी वाचकांचा गट म्हणाले. तो बेकारांचा आहे हे फोन उघडणाऱ्यालाच कळणार. काका, निरोप तुम्ही लिहिलात."

"कशावरून?"

"तो फोनशी बोलून लिहितो. त्याच्या लिहिण्यात ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, अर्धे शब्द भलतेच. या निरोपात एकही चूक नाही. वह्या बघून क्षणभर मला वाटलं, वहिनींनी लिहिलं. पण वहिनी दुपारी शाळेत होत्या. शिवाय 'येथे', 'शोध घेऊ नये' ही भाषा कचेरीची. जन्मभर ती टंकणाऱ्या हाताचीच."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला.

"नोकरी गेली?" बायको भिंतीला टेकली. "आणि मी रोज दारात उभी राहून हात हलवते."

"मला महिन्यापूर्वीच कळलं," सासरे म्हणाले. "फिरायला गेलो होतो. पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत एकटा डबा खात बसला होता. ऑफिसच्या वेळेला! मी झाडाआडून परत फिरलो. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. आज फोन उघडून पाहिलं. परक्या माणसांना सांगत होता, मला बाबांसमोर रडता येत नाही. परक्यांना! डोकं फिरलं माझं. गट सुटला की माझ्याकडे येईल, वाटलं."

"काका, ते वाचून लोकांनी त्याला मेलेला धरलं. शेकडो माणसं रडकुंडीला आली आहेत."

त्यांचा चेहरा उतरला. "मरणाचं... मी तसं नव्हतं लिहिलं हो."

"बागेतच असेल ना तो?" ताईने दाराकडे वळत विचारलं. तिने अजून त्याला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

बायकोने चपला अडकवल्या. सासरे काठीही न घेता निघाले. सिग्नलला ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं आपटत होता आणि ताई दाराची कडी घट्ट धरून बसली होती.

टाकीजवळचं पहिलं बाकडं रिकामं होतं. दुसरंही. ताई धावतच पुढे निघाली. मग वळणापलीकडे इस्त्रीचा शर्ट दिसला.

ताई जागीच थांबली. तिला रडू आणि हसू एकदम फुटलं. ड्रायव्हरला तिने मानेनेच खूण केली, कळव सगळ्यांना.

घरच्यांना पाहून तो ताडकन उठला. "इथे... एका पार्टीला भेटायचं होतं, म्हणून जरा ऑफिसातून..."

"खाली बस," वडील म्हणाले. "खोटं बोलू नकोस. आज मीही बोललोय. तुझ्या नावाने."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. तो बसला. तोंड हातांत लपवलं, आणि त्याचे खांदे गदगदू लागले. वडिलांसमोर.

म्हातारे बाकड्यापाशी आले. मग म्हणाले, "सरक जरा."

तो सरकला.