मागच्या सीटवरचं वजन

बसा. तो मोबाईल आधी खिशात ठेव. मघापासून दोघं गाड्यांचेच फोटो बघताय, कुणाची किती सीसी नि कोण किती पळते. मग एका मोठ्या गाडीची गोष्ट ऐका. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा साडू, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. थापा जमल्या असत्या तर बायकोपासून गाडीची किंमत तरी लपवली असती.

साडू गाडी चालवायला शिकवतो. जन्म गेला शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. आम्ही त्याला मास्तरच म्हणतो. शिकणाऱ्याचे हात थरथरायला लागले की मास्तरचं ठरलेलं वाक्य, ‘घाबरू नकोस, मी आहे ना. घरी सोडतो तुला.’ दिवसातून वीसदा म्हणत असेल. तोंडाला वळणच पडलंय.

तर काटा कधी चाळिसाच्या वर न जाऊ दिलेल्या या माणसाने गेल्या वर्षी साडेसहाशे सीसीची मोटरसायकल घेतली. मेव्हणीने आठ दिवस अबोला धरला. लेक मात्र नाचायची बाकी होती. उशिरा झालेली, एकुलती एक. तिच्यापुढे मास्तरचं काही चालत नाही. ‘बाबा, तुमच्या मागे पहिली मीच बसणार,’ असं तिने कबूल करून घेतलं होतं.

अकरा डिसेंबर, गुरुवार. शोरूममधले सोपस्कार उरकून गाडी हातात येईपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. नव्या गाडीत ते लोक पेट्रोल घालतात ते पंपापर्यंत जाण्यापुरतंच. मास्तरने लेकीला फोन केला, ‘बायपासच्या पंपावर टाकी भरतो नि येतो. हेल्मेट घालून फाटकात उभी राहा.’ आणि निघाला.

मला म्हणाला, लग्नातसुद्धा मी इतका खूष नव्हतो. उभी असताना गाडी कपाटासारखी जड, पण चाक फिरलं की ते वजन कुठे जातं कळत नाही. आवाज मोठा नाही, खोल, पोटात घुमणारा. अॅक्सिलरेटर जरा पिळला की माणूस मागे ओढला जातो आणि रस्ता अंगावर येतो. दुसऱ्या गिअरलाच काटा ऐंशीवर. पोटऱ्यांना इंजिनाची धग, कानात वारा. बायपासला वाहनं तुरळक होती. मास्तर हेल्मेटच्या आत एकटाच हसत होता.

तिथे एक बंद पडलेला ट्रकांचा वजनकाटा आहे. त्याच्यापुढे गतिरोधक. मास्तरने गाडी अगदी हळू केली, गतिरोधक ओलांडला, आणि पुन्हा वेग घेतला.

हेडलाइटचा झोत रस्त्यावर नव्हता. झाडांच्या शेंड्यांवर होता.

तुम्ही डबलसीट जाता तेव्हा बघा. मागे कोणी बसलं की गाडी मागून दबते आणि उजेड वर जातो. मास्तरला वाटलं, नव्या गाडीचा मागचा शॉकअप गेला. शिव्या घालत त्याने अॅक्सिलरेटर पिळला. मघाची ओढ राहिली नव्हती. गाडी ओझं घेऊन पळत होती.

मग वळण आलं. गाडी डावीकडे कलली, आणि मागचं वजन उजवीकडे झुकलं. कधी गाडीवर न बसलेला माणूस असंच करतो. वळणाला घाबरतो.

मास्तरने आरशात पाहिलं. मागे नुसता काळोख…

पुढचं वळण. पुन्हा तसंच. आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टेकलं. कपाळ असावं. गार. थरथरत होतं.

आणि इथे मास्तर चुकला रे. दुसरा कोणी किंचाळला असता, गाडी टाकून पळाला असता. याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘घाबरू नकोस, मी आहे ना. घरी सोडतो तुला.’

थरथर थांबली.

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. घरी… कुणाच्या घरी? पंप आला. थांबायचा धीर होईना. पंप मागे गेला. पेट्रोलचा दिवा लुकलुकायला लागला. बायपास उतरतो तो सरळ त्यांच्याच गल्लीत. आणि फाटकात पोरगी उभी.

थांबायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं. घरावरून पुढे जायचं. बाजारात, उजेडात, माणसांत. मग आपलं काय व्हायचं ते होवो.

गल्ली… फाटक… हेल्मेट घातलेली लेक. तिने हात वर केला. मास्तरने अॅक्सिलरेटर होता तेवढा पिळला.

बरोब्बर फाटकासमोर… झोत खाली आला. रस्त्यावर. गाडी हलकी झाली.

चौकात पेट्रोल संपलं. गाडी तिथेच टाकून तो पळत मागे आला. लेक फाटकातच. धडधाकट. रुसलेली. ‘बाबा, मला न घेताच गेलात?’ मास्तरने तिला पोटाशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला.

गाडी त्याने विकून टाकली. नव्या मालकाची काही तक्रार नाही. कशी असेल?

पोरगी खातेपिते, हसते. फक्त मेव्हणीने मागच्या रविवारी मला एक दाखवलं. लेकीचा आदल्या दिवशीचा कुर्ता. सकाळी कडक इस्त्री करून घातलेला. कॉलेजहून येते तोवर कमरेपाशी, दोन्ही बाजूंना, मुठीएवढा भाग चुरगळलेला असतो. मागून कोणी गच्च धरून बसावं तसा. रोज. कुठलाही कुर्ता असो. मुठी लहान आहेत.

मी विचारलं, ही जाते कशाने?

मेव्हणी म्हणाली, ‘चालत.’