चार मात्रांची जागा

आमच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला एक खोली आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. आता मी बसतो. एक कीबोर्ड, दोन खुर्च्या, चाकाची खुर्ची वळवता येईल एवढी जागा, आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी खिडकी. धुतलेल्या कपड्यांचा वास अजून गेलेला नाही. दारावर पाटी आहे, 'संगीतोपचार'. वॉर्डातल्या सिस्टर मला गाणेमास्तर म्हणतात. "तुमचं बरंय मास्तर, तुमच्या गाण्यातून कुणी उठून जात नाही," असं त्या अधूनमधून ऐकवतात. माझे बहुतेक रुग्ण उठूच शकत नाहीत.

पक्षाघातात वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण गाता येतं. बोलणं मेंदूच्या एका बाजूला राहतं, गाणं दोन्हीकडे पसरलेलं असतं. त्यामुळे एक बाजू निकामी झाली तरी दुसरीकडून वाट काढता येते. मी 'पाणी हवं' असे साधे शब्द दोन सुरांत गातो, रुग्णाचा डावा हात धरून ठेका देतो आणि मग चार मात्रा थांबतो. त्या चार मात्रांत तो आपला शब्द शोधतो. वीस वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो, ती म्हणजे त्या जागेत आपण काही भरायचं नाही.

थांबणं मला जमतं. ताई गेल्याला चार वर्षं झाली. आम्ही दोघं बहीणभाऊ एकत्र राहायचो. लग्न दोघांनीही केलं नाही, आणि घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. आता शुक्रवारी संध्याकाळी घरी गेलो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघत नाही, असं बरेचदा होतं. फोन वाजत नाही. वाजला तर चुकीचा नंबर असतो, आणि तेवढ्यावरही दोन वाक्यं जास्त बोलावीशी वाटतात.

ऑपरेटर आजी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना झटका येऊन पाच महिने झाले होते. वय बहात्तर. पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवर एकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खुपसत. आता तोंडातून अक्षर निघत नव्हतं. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती दुपारच्या सुट्टीत धावतपळत यायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून डबा न उघडता आईकडे बघत राहायची. आईनं आपल्याला एकदा हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात मी 'पाणी हवं' गायलो, थांबलो, आणि चौथ्या मात्रेवर आजी स्वच्छ सुरात म्हणाल्या, "बोला."

मुलगी रडली. माझेही डोळे भरून आले. हजारो वेळा उच्चारून गुळगुळीत झालेले शब्द सर्वांत आधी परत येतात. आमच्या पुस्तकांत तसं लिहिलेलंच आहे.

पुढच्या दिवसांत आणखी शब्द आले. "कोण हवंय?" "जरा मोठ्यानं." "नीट ऐकू येत नाहीये." मी कागदावर टिपत गेलो. टिपताना एक गोष्ट खटकली. आजी आता त्या चार मात्रांत शब्द शोधत नव्हत्या. मान किंचित डावीकडे कलती करून त्या ऐकत होत्या. मी मुद्दाम सहा मात्रा थांबून पाहिलं, मग आठ. एकदा त्या थांबलेल्या वेळात "हो... हो... बरं..." असं म्हणत गेल्या, आणि ते ठेक्यात नव्हतं. गाणाऱ्याचा ठेका चुकला तर मला लगेच कळतं. हे चुकणं नव्हतं. समोरचं माणूस बोलत असताना आपण असेच हुंकार देतो.

बुधवारी त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, आहेत इथे."

गुरुवारी म्हणाल्या, "नाही. घरी कुणी नसतं त्यांच्या."

मुलगी ओशाळली. माझ्याबद्दल तिनं आईला काही सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला तरी कुठे काय माहितीये तुमच्याबद्दल?"

मी वाचोपचाराच्या बाईंकडे गेलो. आम्ही एकाच वर्षी इथे लागलो, आणि त्या उगीच कशाला घाबरत नाहीत. त्यांनी टिपणं वाचली आणि समजावलं, की नोकरीतली सवयीची वाक्यं आहेत, एखादं योगायोगानं लागू पडतं. वाचा परत येतेय हे महत्त्वाचं, थांबवू नका. त्यांचं बरोबरच होतं. शनिवारी आजींनी मुलीला लहानपणीच्या नावानं हाक मारली. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. त्या दिवशी ती दुकानात परत गेलीच नाही.

सोमवारी मात्र तिला सुट्टी मिळाली नाही. खोलीत आजी आणि मी, दोघंच. बाहेर औषधांची गाडी ढकलत कुणीतरी चाललं होतं. मी आजींचा डावा हात हातात घेतला. ओठांवर 'पाणी हवं' होतं. ते मी गायलो नाही.

त्याच दोन सुरांत मी गायलो, "कोण आहे?"

चार मात्रा गेल्या. आठ गेल्या. गाडीच्या चाकांचा आवाज थांबला. आजी ऐकत होत्या.

मग त्या बोलल्या. गायल्या नाहीत, सरळ बोलल्या.

"नाव सांगत नाहीत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. बराच वेळ थांबलेत." आणि मग अगदी कामाच्या आवाजात, "जोडू का?"

भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. चार वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

"जोडा," मी म्हणालो.

आजींचा हात उचलला गेला. उजवा हात.

अंगठा आणि दोन बोटं मिटलेली होती, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी. हात सावकाश माझ्या चेहऱ्याशी आला, डाव्या कानापाशी थांबला आणि सराईतपणे जरासा पुढे रेटला गेला.

मग तो पुन्हा मांडीवर पडला.

"बोला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मला काहीच ऐकू आलं नाही. पण बंद पडलेल्या फोनची शांतता आणि पलीकडे कुणी श्वास रोखून असल्याची शांतता यांतला फरक कानाला कळतो. ही दुसरी होती.

दीड महिन्यानं आजी घरी गेल्या. तोवर त्या चांगल्या बोलू लागल्या होत्या, सिस्टरना चुका दाखवण्याइतक्या. उजव्या हातात काडीची हालचाल नाही, व्हायची शक्यताही नाही, असं व्यायामवाल्यांनी कागदावर लिहून दिलं. त्या सोमवारचं आजींना काही आठवत नव्हतं. निरोप घेताना त्यांनी माझे भरभरून आभार मानले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहायला गेलो, तशी त्यांनी मुलीला खुर्ची फिरवायला लावली. माझ्या डाव्या कानाची बाजू त्यांना जवळ नको होती.

त्यानंतर काही घडलं नाही. माझं काम चालू राहिलं. एक वयस्क सुतार आले, एक शाळेतल्या बाई आल्या. दोघांचीही प्रगती नव्हती, पण ते होतं कधीकधी. गेल्या महिन्यापासून रुग्णालयानं नियम केला, की प्रत्येक उपचाराचं ध्वनिमुद्रण ठेवायचं. खोलीत एक छोटं यंत्र बसवलं गेलं. मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

काल दुपारी वाचोपचाराच्या बाईंनी मला बोलावलं. मी आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि एक मुद्रण सुरू केलं. माझा आवाज, 'पाणी हवं'. मग चार मात्रांची जागा. सुतारांनी काही म्हटलं नाही. त्या जागेत अगदी हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "हो, ऐकतोय."

आवाज माझा होता.

"तुम्ही कुणाशी बोलताय?" बाईंनी विचारलं.

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. मी सगळी मुद्रणं मागून घेतली आणि माझ्या खोलीत बसून तारखेप्रमाणे ऐकली. सुरुवातीला एकेक शब्द आहे. मग वाक्यं. "नाही, झोपलो नव्हतो." "तिकडे थंडी असते का?" "किती जण आहात?" दुसऱ्या आठवड्यात चार मात्रांच्या वीस होतात. तिसऱ्यात गाणं जवळजवळ उरतच नाही.

शेवटचं मुद्रण परवाचं आहे. त्यात मी गायलोच नाही. अकरा मिनिटं माझाच आवाज आहे, मध्ये मध्ये थांबणारा, अदबशीर. शाळेतल्या बाई एकदा खोकतात, तेवढंच. शेवटाकडे मोठी शांतता आहे. मग मी हसतो. समोरचं माणूस संकोचलं की त्याला मोकळं करायला आपण हसतो, तसं.

"अहो, त्यात काय एवढं?" मी म्हणतो. "तुम्हाला इकडे येता येत नसेल, तर मीच येतो."