पाण्याचा गट

मे महिन्यात अमरावतीत पीएचडीचं काम कोणी करू नये. आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणीघरात कूलर होता, पण दिवसातून दोनदा लाइट जायची आणि नेमके तेव्हाच शेषरावभाऊ चहाला गेलेले असायचे. शेषरावभाऊ तिथले जुने अटेंडंट. बाकी अठरा पांढरे उंदीर आणि मी.

विषय तसा सरळ होता. दारूची मेंदूला हळूहळू सवय होते आणि त्या सवयीत नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूचा हात असतो. मेंदूतल्या पेशीच तो तयार करतात. त्याला ठरलेली वाट लागत नाही; एका पेशीतून शेजारच्या पेशीत तो सरळ झिरपतो. म्हणून सहा उंदरांना दारू, सहांना दारू आणि हा वायू अडवणारं औषध, उरलेल्या सहांना नुसतं पाणी. वीस मिनिटांनी प्रत्येकाला फिरत्या दांड्यावर ठेवायचं आणि किती वेळात पडतो ते लिहायचं.

पाचव्या दिवशी पाण्याचा गट पडला. सहाच्या सहा.

"शेषरावभाऊ, बाटल्या बदलल्या तुम्ही."

"नाई जी मॅडम. काहून बदलीन? बारा वर्सं झाली मले इथं."

सहाव्या दिवशी सगळं मी स्वतः दिलं. तरी पडले. मागचे पाय ओढत भिंतीला टेकून बसले. रक्त तपासलं, दारू शून्य. माझे गाईड शेखर सर म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा शून्य. तीन वर्षं घासल्यावर माझ्या वाट्याला पाणी पिऊन झिंगणारे उंदीर आले होते!

"याइले त्याइची चढून राहिली, मॅडम," शेषरावभाऊ हळूच म्हणाले.

मी त्यांना पिंजरे धुवायला पाठवलं.

त्याच आठवड्यात अकोल्याहून आईचा फोन आला. "दीक्षा, तुहे बाबा पुन्हा पेऊन राहिले."

बाबा, म्हणजे भगवंतराव, सिंचन खात्यातले निवृत्त कारकून. तीस वर्षं रोज प्यायले, पण अशी सवय झालेली की ऑफिसातून सरळ चालत घरी यायचे. चार वर्षांपूर्वी सोडली. आणि आता म्हणे दुपारी ओसरीत पडतात, पहिल्यांदाच घेतलेल्या माणसासारखे.

रविवारी गाडीनं गेले. बाबा दिवाणावर पेपर वाचत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी पेपर हातातून गळला. जीभ जड झाली. उठायला गेले आणि भिंत धरून खाली बसले. श्वास तपासायचं यंत्र मी मुद्दाम आणलं होतं. शून्य.

"बाबा, खरं सांगा."

"थेंब नाई घेतला बेटा. तुही शपथ."

आईनं तोंड फिरवलं. तिचा विश्वास नव्हता. यंत्र हातात असून माझाही नव्हता. मेंदूचा स्कॅन केला, त्यातही काही निघालं नाही. डॉक्टर मलाच विचारू लागले.

परतीच्या गाडीत मला वेळ खटकली. रविवारी उंदरांना शेषरावभाऊ पाजतात. तीनला दहा कमी असताना.

पुढच्या रविवारी ओसरीतून त्यांना फोन केला. "आज चार वाजता द्या." घरात कोणाला सांगितलं नाही. तीन वाजून गेले. बाबा टरबूज कापत होते. फोडी एकसारख्या पडत होत्या. चार वीसला बोलता बोलता ते माझ्या खांद्यावर कलंडले.

शेषरावभाऊंचा फोन आला. "पाण्यावाले आत्ताच पडले, मॅडम."

हे लिहितानाही मला लाज वाटते. कुठलं जर्नल हे छापणार? मी दारू देणं थांबवलं. बाबा ठणठणीत झाले. आईनं न मागता त्यांच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली. तिची माफी अशीच असते.

प्रयोगाचा शेवटचा टप्पा राहिला होता. प्राणी मारून मेंदू तपासायचे. शेखर सरांना घाई होती. दारूवाल्या दोन्ही गटांचे बारा मी दोन दिवसांत संपवले. दर वेळी घरी फोन.

"बाबा काय करून राहिले?"

"पेपर वाचून राहिले. किती फोन करतं वं?"

बाराव्या फोनपर्यंत मला माझाच वीट आला.

मग पाण्याच्या गटातला पहिला. सकाळी साडेअकरा.

या वेळी मी फोन करायच्या आधी घरूनच आला.

"दीक्षा," आई म्हणाली, "हे शर्ट घालून उभे हायेत. बटन कसं लावतेत, मले इचारून राहिले."

मी हातमोजे काढले.

"प्रयोग थांबवल्याचं कारण काय लिहू?" शेखर सर ओरडले. काय लिहायचं ते लिहा, म्हटलं. शेषरावभाऊंनी उरलेले पाच एका पिंजऱ्यात घातले, वर ओलं फडकं टाकलं आणि पिंजरा उचलून माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले.

याला दहा महिने झाले. बटणं अजून आईच लावते. एरवी बाबा बरे आहेत. अकोल्याच्या घरी कूलरसमोर पिंजरा ठेवलाय. कोणी न सांगता बाबा स्वतः उन्हाच्या बाजूला बसतात. हे उंदीर दोन, फार तर तीन वर्षं जगतात. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवते.

पाचांतला एक कालपासून खात नाही.

आज सकाळी बाबांनी आईला हाक मारायला दोनदा तोंड उघडलं, आणि नुसतेच तिच्याकडे बघत राहिले.