पाठीमागचा पंखा

"त्यात काय मासे पाळणार आहात?"

आवाज टेबलाखालून आला आणि ती दचकली. तिचा हात एका काळ्याभोर, चकाचक कॅबिनेटवर होता – पुढून काच, बाजूने काच, आत निळे-जांभळे दिवे. कॉम्प्युटरसाठी याहून देखणं घर असूच शकत नाही, असं त्या क्षणापर्यंत तिला वाटत होतं.

टेबलाखालून आधी स्क्रूड्रायव्हर आला, मग विस्कटलेले केस, मग दोन मिश्कील डोळे. दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम तोच करायचा. अख्खा बाजार त्याला 'रेडिओ' म्हणायचा, कारण एकदा सुरू झाला की बंद व्हायचं नाव नाही.

"मासे कशाला?" ती फणकारली. "मला शनी फिरवायचाय."

"कोण?"

"शनी. ग्रह. कड्यांसकट."

रेडिओ चक्क दोन सेकंद गप्प बसला.

ती तारांगणात कामाला होती. घुमटावर दिसणाऱ्या चित्रफिती बनवायची. शनीची तीन मिनिटांची फीत तिने मन लावून रचली होती, पण दुसऱ्या कड्यापाशी आलं की तिचा जुना लॅपटॉप तापायचा आणि बंद पडायचा. शेवट कसा दिसतो हे तिने स्वतःही पाहिलेलं नव्हतं. म्हणून नवा कॉम्प्युटर... आणि तो सुटे भाग आणून स्वतः जोडायचा.

त्या 'स्वतः'मध्येच सगळं होतं. घरात ती शेंडेफळ. लाडांना तोटा नव्हता, पण हातात काहीही घेतलं की "आण इकडे, तुला नाही जमायचं" हे ठरलेलं. पडद्याची दांडी लावायला गेली, तर दादाने हातोडी काढून घेतली. सायकलची साखळी बसवायला गेली, तर ताईने बसवून दिली. सव्विसावं सरत आलं, तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने एकटीने उभी केलेली एकही वस्तू घरात नव्हती. हे तिला आतून खात होतं. आता हेही जमलं नाही, तर घरचे म्हणतात तेच खरं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"इकडे या," रेडिओ म्हणाला.

त्याने टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला बांधली. टेबलावर दोन कॉम्प्युटर चालू होते. त्या काचेच्या कॅबिनेटच्या तोंडाशी पट्टी धरली, तर ती नुसतीच लोंबत राहिली. "बघा, याला नाकच नाही. दिसायला राजबिंडा, पण आत जीव गुदमरतोय."

दुसरं कॅबिनेट करडं, साधंसुधं, पुढे बारीक जाळी. तिथे पट्टी हलली, तरंगली आणि हळूच जाळीला जाऊन चिकटली. मागच्या बाजूला नेली, तर फडफडत बाहेर उडायला लागली.

"पुढून गार हवा आत. आतली उष्णता घेऊन मागून बाहेर. झालं, एवढंच."

एवढंच! ती तिथेच गुडघ्यांवर बसली. पट्टी त्याच्या हातातून घेऊन पुढे धरली, मागे धरली, पुन्हा पुढे. रोज कोट्यवधी मैलांवरच्या गोष्टी रंगवणारी ती, आणि इथे वीतभर अंतरावर हवा एका वाटेने शहाण्यासारखी निघाली होती. तिच्या अंगावर काटा आला.

"हवा दिसते..." ती पुटपुटली.

"दिसते ना?" तो म्हणाला. हे त्याने हजारदा पाहिलं असेल, पण आत्ता तो पट्टीकडे पाहतच नव्हता.

करडं कॅबिनेट त्याच दिवशी ठरलं. तरीही ती पुढचे तीन शनिवार दुकानात आली. जाळी धुता येते का? वायरी मागून नेल्या तर हवेच्या आड येणार नाहीत ना? प्रश्न एका वाक्याचा असायचा, उत्तर पाऊण तासाचं. तिला ते कमीच वाटायचं. दुकानाचे मालक गालातल्या गालात हसत काउंटर पुसायचे.

चौथ्या शनिवारी सगळे भाग आले. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता, दादा टपूनच बसला होता. रेडिओने दुकानातलं मागचं टेबल रिकामं करून दिलं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "जोडणार मी. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"चुकलात तरी?"

"चुकले तरी. शपथ घ्या."

"काही जळणार किंवा मोडणार असेल तरच बोलेन. नाहीतर... शपथ."

आणि रेडिओ बंद झाला.

तिने पुढचे तीन पंखे लावले, दिसायला गुळगुळीत, चांगली बाजू बाहेर. मग मागचाही तसाच लावला, चांगली बाजू बाहेर. शेवटचा स्क्रू पिळताना तिने सहज वर पाहिलं. रेडिओ छताकडे बघत होता. मग पाणी प्यायला. मग उठला, दारापर्यंत गेला, परत आला. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

कंटाळलाय, तिला वाटलं. चार आठवडे तोंडाला खळ नव्हता, आणि आज माझ्याकडे पाहवतही नाही? तरी तिचे हात थांबले नाहीत.

दुपारी तिने बटण दाबलं. पंखे गुणगुणले, पडदा उजळला, आणि शनी उगवला! पहिलं कडं, दुसरं... आणि मग तो अडखळायला लागला. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत होता. सत्तर... ऐंशी... नव्वद.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. कागदाची पट्टी उचलली. पुढे धरली, आत ओढली गेली. मागे धरली... तीही आत ओढली गेली. दोन्हीकडून हवा आतच येत होती आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. पंखा उलटा होता.

"तुम्हाला दिसलं होतं?"

त्याने मान हलवली.

"कधी?"

चार बोटं वर. चारही स्क्रूंच्या वेळी.

"आणि बोलला नाहीत?"

"शपथ होती," तो कसाबसा म्हणाला. आवाज बसला होता. "जळणार नव्हतं, मोडणार नव्हतं. जीव नुसता वरखाली होत होता. पण तुम्हाला सापडणार, हे माहीत होतं मला."

ती बघतच राहिली. तिच्यासाठी धावून येणारे खूप होते. तिच्यासाठी थांबून राहणारा हा पहिलाच. तेही कोण, तर रेडिओ! केवढं मोठं काहीतरी या माणसाने तिला दिलं होतं, आणि तिला तो कंटाळा वाटला होता.

तिने कॉम्प्युटर बंद केला. चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले. या वेळी पट्टी मागून फडफडत बाहेर उडाली.

शनी पुन्हा उगवला. पहिलं कडं, दुसरं, तिसरं... बर्फाचे लाखो कण सोनेरी उन्हात सावकाश वळले, ग्रहाची सावली त्यांच्यावरून सरकली, आणि शेवटी सगळं दूर दूर जात एक बारीक ठिपका उरला. तीन मिनिटं. तिने रचलेलं, तिच्या हातांनी जोडलेल्या यंत्रावर, पहिल्यांदा शेवटपर्यंत. दोघांपैकी कोणाचीही पापणी लवली नव्हती.

"आता बोलू?" त्याने हळूच विचारलं. "पंख्याचं नाही. दुसरं एक..."

"थांब," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "ते मीच बोलणार आहे."

ती बोलायला लागली. अडखळली. "मला तू... म्हणजे पहिल्या दिवसापासून..." पुन्हा थांबली. घरी एव्हाना कोणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकलं असतं. तो मात्र लालबुंद होऊन, डोळे तिच्यावर लावून, वाट पाहत राहिला.

"...तू मला फार आवडतोस," तिने वाक्य पूर्ण केलं.