चिमणाबाईंचा नकार

"घर मिळत नाही म्हणून कुणी तुमच्याकडं येतं का हो?"

दारातल्या तरुणीनं विचारलं आणि स्वतःच ओशाळून हसली.

"घर हरवलं असेल तर जरूर यावं," श्रुती सरनोबत म्हणाली. "बसा."

१९९८ चा फेब्रुवारी संपत आला होता. राजारामपुरीत एका शिंप्याच्या दुकानावर श्रुतीची खासगी तपासाची कचेरी होती. कचेरीत दोन खुर्च्या, एक कपाट आणि भाऊसो चौगुले. भाऊसो एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तपासात त्यांची गाडी जरा मागं असायची, पण माणूस जिवाभावाचा.

तरुणीचं नाव संघप्रिया कांबळे. सरकारी दवाखान्यात नर्स. ती, तिचा नवरा अतुल आणि गुडघेदुखीनं बेजार झालेली आई तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होती.

"जानेवारीच्या तीन तारखेला मंगळवार पेठेत विकत घ्यायला एक घर बघितलं," ती सांगू लागली. "तीन खोल्या, पुढं अंगण. मालकीण चिमणाबाई, विधवा आहेत. गडहिंग्लजला लेकीकडं असतात. त्या दिवशी आल्या होत्या. अतुलची ड्युटी होती, म्हणून आई आणि मीच गेलो. एजंट बाहेर स्कूटरवरच बसून राहिला. आईला तर स्वयंपाकघर इतकं आवडलं, ओट्याशी उभी राहून हाका मारायला लागली, 'बेबी, हिकडं ये, खिडकी बघ!' शेजारच्या शालूबाई चहा घेऊन आल्या. चिमणाबाईंनी साखर हातावर ठेवली. म्हणाल्या, घर तुझंच."

"मग?"

"मग सगळे गप्प. एजंट फोनवर येत नाही. चिमणाबाईंचा नंबर शालूबाईंनी लिहून दिला होता, त्यावर रिंग नुसती वाजत राहते. शेवटी हे आलं."

तिनं एक चिठ्ठी आणि एक पोस्टकार्ड पुढं केलं. चिठ्ठीवरच्या नंबरच्या शेवटी ७१ होते. कार्डावर तीनच ओळी होत्या :

'बेबीस आशीर्वाद. घराचा विचार बदलला. परत येऊ नये. चिमणाबाई.'

"चिमणाबाईंना लिहिता येतं?"

"नाही. कागदावर अंगठाच उठवणार म्हणाल्या होत्या. कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल. याआधी तीन घरं आडनाव सांगितल्यावर हातची गेली. त्याची सवय झाली होती. पण या बाईंनी माझ्या आईला पाठीशी उशी दिली होती हो. त्यांनीही तसंच करावं, हे मनाला पटत नाही."

श्रुतीनं कार्ड उलटून पोस्टाचा शिक्का बघितला. कोल्हापूर, २० जानेवारी.

"मला आठ दिवस द्या," ती म्हणाली.

एजंट ज्ञानू पोवार खासबागेजवळच्या टपरीत सापडला. 'कांबळे' हे नाव ऐकताच तो उठून निघाला. भाऊसोंनी वाट अडवली.

"पळताय कुठं? बसा की."

"म्याडमना काय तोंड दावू?" ज्ञानू वैतागला. "मी शब्द दिलता. म्हातारीनं मोडला. शालूबाईनंच सांगितलं मला, चिमणाबाई न्हाय म्हणत्यात म्हणून. मग फोन उचलून बोलू काय?"

"तुम्ही चिमणाबाईंना विचारलंत?"

"त्येंचा निरोप शालूबाईकडंच असतोय. माझ्याकडं त्येंचा नंबर बी न्हाय."

चिमणाबाईंच्या घराला लागूनच पुतण्या राजवीरचं गॅरेज होतं. काळ्या हातांनी तो समोर आला.

"मला पायजे हुतं घर, खोटं कशाला बोलू?" तो मोठ्यानं म्हणाला. "गॅरेज वाढवायचं हाय. काकी न्हाय म्हणाली, इषय संपला. ते डॉक्टर लोक घेणार होते न्हवं? मी त्येंना बघितलं बी न्हाय."

"काकी येतात का इकडं?"

"म्हैन्याच्या पयल्या शनवारी. घर झाडती, शालूमावशीकडं जेवती, सांजच्या गाडीनं जाती. मधी कधी न्हाय. आन् शनवार बी कधी चुकत न्हाय."

बाहेर येताच भाऊसो कुजबुजले, "श्रुतीताई, हाच की! फायदा हेचाच हाय."

"फायदा आहे खरा," श्रुती म्हणाली आणि शालूबाईंच्या दारात गेली.

शालूबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी आग्रहानं बसवलं, शेंगदाण्याचा लाडू दिला.

"चिमणी? ती आता फिरकत बी न्हाय हिकडं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी रमली. घर इकायचं मनातनं काढलं तिनं."

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्या कडेला शाईनं लिहिलं होतं, 'चिमणाक्का', आणि पुढं नंबर. भाऊसोंनी जुन्या सवयीनं आकडे पुटपुटले, "...शेवट सतरा."

शालूबाईंनी लाडवांचा डबा जरा जोरातच बंद केला.

रस्त्यावर आल्यावर श्रुती एसटीडी बूथमध्ये शिरली. दोन मिनिटांत हसतच बाहेर आली.

"शनिवारी सगळ्यांना बोलवा, भाऊसोकाका. मार्चचा पहिला शनिवार आहे."

शनिवारी सकाळी चिमणाबाईंच्या अंगणात सगळे जमले. ज्ञानू खाली मान घालून होता, राजवीर हात पुसत होता. शालूबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. अकराच्या सुमाराला चिमणाबाई आल्या. संघप्रियाला बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"आता कशापायी आलीस पोरी? घर नको म्हणालीस न्हवं?"

"मी?" संघप्रिया उभीच राहिली. "तुम्हीच कार्ड पाठवलं!"

"मी कुठलं कार्ड?"

"इथूनच सुरुवात करू," श्रुती म्हणाली. "नकार दोघींनाही पोचला, पण दिला दोघींपैकी कुणीच नाही. कार्डावर शिक्का कोल्हापूरचा, वीस जानेवारीचा. चिमणाबाई तर पहिल्या शनिवारशिवाय येतच नाहीत. म्हणजे कार्ड इथल्याच कुणाचं तरी."

"राजवीर!" भाऊसो म्हणाले.

"राजवीर संघप्रियांना डॉक्टर समजतो, आणि ज्ञानू 'म्याडम' म्हणतात. कार्डावर मात्र 'बेबी' आहे."

"लाडानं लिहिलं आसंल की."

"चिमणाबाई तसं लिहवून घेत्याही. पण त्यांनी लिहवलंच नव्हतं. 'बेबी' हे घरचं नाव. तीन तारखेला आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, तेव्हा ज्ञानू बाहेर होते. घरात चिमणाबाई होत्या आणि चहा घेऊन आलेल्या शालूबाई."

श्रुतीनं नंबरची चिठ्ठी पुढं धरली.

"नंबरही शालूबाईंनीच दिला. चिठ्ठीवर शेवटी एकाहत्तर, त्यांच्या भिंतीवर सतरा. मी सतराचा लावला, तर चिमणाबाईंनी स्वतः उचलला. चिमणाबाई दर महिन्याला यांच्याच घरी जेवतात, तरी मला सांगितलं की त्या फिरकतही नाहीत. आणि ज्ञानूंना नकार कळला तोही यांच्याच तोंडून."

चिमणाबाई सावकाश वळल्या. "शाले? तूच मला म्हणालीस, त्या लोकांनी घर नको म्हणून सांगितलं."

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"व्हय, मीच केलं. घर गेलं की तू कशाला येतीस परत? चाळीस वर्सं ह्या भिंतीला भिंत लावून ऱ्हायलो. आता म्हैन्यातनं एक दिस ऱ्हायलाय माझ्याकडं. त्यो बी जायाचा."

"येडे, मग तू का आली न्हाईस गडहिंग्लजला?"

"बोलावलंस कवा?"

चिमणाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेकीच्या घरात मीच पावणी. तुला कुठल्या तोंडानं बोलवू?"

संघप्रिया पुढं झाली.

"शालूबाई, खरं सांगा. आमचं आडनाव ऐकून केलंत?"

"न्हाय गं बाई!" शालूबाईंनी मान वर केली. "तुझ्या जागी कोण बी आसतं तरी हेच केलं आसतं."

"पण मी महिनाभर तेच धरून बसले होते. रात्री आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं."

"चुकलं माझं," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी कनवटीला जपलेली चिमणाबाईंच्या घराची किल्ली काढून संघप्रियाच्या हातात ठेवली. तिनं मूठ मिटली. लगेच हसली मात्र नाही.

परत जाताना भाऊसो म्हणाले, "ताई, मला तर वाटलं हुतं, एकादा चोर गावंल."

"गावला की," श्रुती म्हणाली. "पण आत टाकण्यासारखा नव्हता."

महिन्याअखेरीस कागद झाले. चिमणाबाईंनी अंगठा उठवला. त्यांची अडचण त्यांच्या लेकीला कळली तेव्हा तिनं स्वतः शालूबाईंना फोन करून आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. आठाचे पंधरा झाले.

एप्रिलमधल्या एका रविवारी संघप्रियाचं सामान आलं. शालूबाई आपल्या दारातच घुटमळत होत्या. संघप्रियाची आई काठी टेकत कुंपणाशी गेली.

"अवो, सांडगं घालायचं म्हणते. ह्या अंगणात ऊन कुठल्या कोपऱ्याला टिकतंय?"

"त्या चिंचंकडच्या," शालूबाई म्हणाल्या. "थांबा, दावते. तिकडं कावळं लई."

संध्याकाळी अतुल घरी आला, तेव्हा त्याला दारापर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. निम्म्या अंगणात सांडगे होते आणि मधोमध दोघी बसून कावळे हाकत होत्या.