टिकलीपाशी थांबलेला तडा

मुरबाडच्या बाजारपेठेत काचेचं एक दुकान होतं. त्याची दर्शनी बाजू बाहेरून अगदी आरशासारखी दिसायची. रंजिता औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि संध्याकाळी सुटल्यावर टोकावड्याची एसटी धरायला रोज त्याच रस्त्याने जायची. थांबली मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच. भाद्रपदातली एक सर नुकतीच येऊन गेली होती, ओढणी भिजली होती आणि कपाळावरची टिकली घसरून भुवईपाशी आली होती. तिने काचेत बघून टिकली काढली, पुसली, पुन्हा लावली. मान तिरकी करून पाहिलं. मग दिवसभराचा शीण घालवायला स्वतःलाच जीभ दाखवली.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. हातात चहाचा ग्लास घेतलेला एक तरुण उंबऱ्यात आला.

"थोडी डावीकडे," तो म्हणाला.

"काय?"

"टिकली."

तिला कळायला जरा वेळ लागला. काच बाहेरून आरसा होती, पण आतून… आतून नुसती काच. म्हणजे हा माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर चहा पीत बसला होता, आणि ती त्याला जीभ दाखवत होती.

"तुम्ही आतून बघत बसला होतात?"

"दुकान माझं आहे. मी कुठे बसू?" मग जरा नरमून तो म्हणाला, "टिकलीचंच सांगितलं हो. जिभेबद्दल बोललो का काही?"

ती तरातरा निघून गेली. एसटीत बसल्यावर मात्र तिने हळूच टिकली काढून किंचित डावीकडे लावली. खिडकीच्या मळक्या काचेत पाहिलं… आता बरोबर मध्ये होती.

तिच्या घरीही एका काचेची गोष्ट चालू होती. टोकावड्याला त्यांचं घर हायवेला लागून. गेल्या हिवाळ्यात एका डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि पुढच्या खिडकीच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला. खिडकीखालीच आईची खाट होती, ती आजारी पडली तेव्हापासून. तडा रोज थोडा थोडा पुढे सरकायचा. आई झोपताना कपाळावरची टिकली काढायची आणि तड्याच्या टोकाशी चिकटवायची. "हितनं म्होरं जायाचं नाय," असा त्याला दम द्यायची. सकाळी तडा टिकलीच्या पलीकडे गेलेला दिसला की रात्री नव्या टोकाशी नवी टिकली. अशी मरून रंगाच्या टिकल्यांची एक वाकडीतिकडी रांग त्या काचेवर चढत गेली. शेवटच्या टिकलीपाशी तडा थांबला. आई गेल्यावरही तो तिथेच होता.

माघात आईला जाऊन वर्ष होणार होतं. घरात माणूस गेलं की लग्नकार्य एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत भागीआत्याला पाठ. ती रंजिताच्या वडिलांची थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहायची. शहापूरकडचं एक स्थळ तिने हेरून ठेवलं होतं. मुलगा नोकरीला होता, घरचं भात होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त आत्याचंच एक म्हणणं होतं की फुटक्या काचेच्या घरात पाहुणे बोलवायचे नसतात. "काच बसली का लगेच सांगावा धाडते," असं ती बजावून गेली.

रंजिताने मनात दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. काच बसेल तेव्हा पाहुणे येणार. काच बसेल तेव्हा त्या टिकल्या जाणार. लग्नाला तिचा विरोध नव्हता; पण आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत कुणा अनोळखी घरात हसऱ्या चेहऱ्याने जायचं, हे तिला कल्पनेतही जमत नव्हतं. आणि हे बोलायचं कुणाजवळ? असं काही बोलायची ती आईजवळच.

वडिलांनी, म्हणजे दामूअण्णांनी, खिडकीचं माप सुतळीवर घेऊन दिलं. एक गाठ रुंदीची, एक उंचीची. मुरबाडात काचेचं दुकान काही एकच नव्हतं. तरी ती सुतळी घेऊन रंजिता त्याच आरशासमोर आली, आणि ती टिकलीला हात लावायच्या आतच दार उघडलं.

त्याचं नाव प्रज्वल. सुतळी बघून तो हसला. सुतळी ओढली की ताणते, सोडली की आखडते, तिच्यावर काच कापायची तरी कशी, असं त्याचं म्हणणं. रंजिताने सुनावलं की अण्णांनी अख्खं घर सुतळीवर बांधलंय.

"मग वाकडं असणार."

"तुम्हाला सगळंच जरा डावीकडे दिसतं."

त्या दिवशी तिने काच ठरवली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. नवरात्र आलं नि गेलं, रंजिता येत राहिली आणि प्रज्वल एकेक काच काढून दाखवत राहिला. दुधी काच आत्याची आवडती, रस्त्यावरून आतलं दिसत नाही म्हणून. पण तिच्यातून एसटीही दिसली नसती. आईला तर खाटेवरून एसटीच बघायची असायची, लेक उतरली का ते. काळपट काच लावली तर भर दुपारी घरात दिवेलागण. मग त्याने दर्शनी काचेकडे बोट केलं.

"ही नको," ती म्हणाली.

"का? अंगणात बुलबुल येत असतील तर मीही नकोच म्हणेन. आपलंच रूप दुसरा पक्षी समजून चोची मारत बसतात."

"बुलबुलांचं नाही. रस्त्यावरून जाणारे जीभ दाखवतात."

तो इतकं मोकळं हसला की भिंतीला टेकवलेल्या सगळ्या आरशांतून तो हसताना दिसला. कुठे बघावं ते तिला कळेना. प्रत्येक आरशात तो होता… आणि त्याच्या शेजारी ती.

शेवटी त्याने भट्टीतल्या काचेचं सांगितलं. तिला टफन म्हणतात. ती तापवून कडक केलेली असते, खडा लागला तरी सहसा फुटत नाही, फुटलीच तर तिचा चुरा होतो, सुरीसारखे तुकडे होत नाहीत. हायवेच्या घराला तीच बरी. फक्त एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, कड घासून बारीकही करता येत नाही. म्हणून माप आधी नेमकं लागतं.

"आणि माप चुकलं तर?"

"तर पुन्हा नवी. भिवंडीहून यायला आठवडा तरी जातो."

"हीच द्या," रंजिता म्हणाली. इतकी पटकन, की त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

माप घ्यायला तो स्वतः मोटरसायकलवर टोकावड्याला आला. वाटेत भाताच्या खाचरांत कापणी चालली होती, अंगणात पेंढ्याचा वास भरला होता. खिडकीपाशी येताच त्याने सवयीने खिशातली पाती काढली. काचेवर काही चिकटलेलं दिसलं की खरवडायचं, मग माप घ्यायचं, हे त्याच्या हातातच बसलेलं.

"नको," रंजिता म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला.

त्याने पाती मिटली. काही विचारलं नाही. म्हणूनच बहुधा तिने सांगितलं. आईचं, तड्याचं, रात्रीच्या दमाचं. थोडक्यात, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं तसं. तो ऐकत होता. मग त्याने टेप धरली, टिकल्यांना धक्का लागू न देता, आणि आकडे मनगटावर लिहिले. लिहिताना मात्र बघत होता तिच्याकडे. दारातून आत्या ओरडून विचारत होती, काच कधी बसेल, पाहुण्यांना कळवायचंय.

काच आली ती बोटभर मोठी. चौकटीत जाईना. प्रज्वलचा चेहरा उतरला, पुन्हा माप घेऊन गेला. दुसरी आली ती लहान, चारी बाजूंनी वारा आत येईल अशी. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"येक मोठी, येक ल्हान. मदली कुटं ठेवलीस रे? बायकोसाठी?"

प्रज्वल खाली मान घालून काच पेंढ्यात गुंडाळत राहिला. आत्याचा धीर संपला. तिने जाहीर केलं की आता काच बसो ना बसो, पाहुणे रविवारी येणार, खिडकीला पडदा लावू. कांदेपोहे ती स्वतः करणार होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंजिता दुकानासमोर उभी राहिली. काचेत ती एकटीच दिसत होती. पलीकडे तो आहे हे तिला माहीत होतं. दार अर्धवट उघडं होतं. ती काचेकडे बघून, स्वतःच्याच चेहऱ्याशी बोलावं तशी बोलली.

"रविवारी पाहुणे येताहेत."

तिने काचेतल्या आपल्या टिकलीकडे पाहिलं.

"माप कसं चुकलं?"

काचेपलीकडून आवाज आला. "पहिल्यांदा खरंच चुकलं. टेप खिडकीवर होती… लक्ष नव्हतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मुद्दाम चुकवलं. काच बसली की पाहुणे येणार, हे ऐकलं होतं मी. आणि तुमचा चेहराही बघितला होता तेव्हा." तो थांबला. "तुमच्यासाठी केलं, असं म्हणवत नाही. माझ्यासाठीच केलं."



"त्या दोन काचांचं काय आता?"

"ठेवल्यात. घर बांधीन तेव्हा त्यांच्या मापाच्या खिडक्या काढीन."

तिला हसू आलं. ते आत दिसलं असणार. पण मग ती गंभीर झाली. अशी किती मापं चुकवणार, तिने विचारलं. आपणही तेच करत होतो, काच बदलत होतो, दिवस ढकलत होतो. आईने टिकल्या लावून लावून तडा थोपवला होता, पण तो आतल्या आत होताच ना.

"काचेमागे बसून सांगायची गोष्ट नाही ही," ती म्हणाली. "समोर ये."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंही नाही. त्याला कळलं. दार पूर्ण उघडलं. या वेळी त्याच्या हातात चहा नव्हता, आणि हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

"तिसरं माप मी घेणार," रंजिता म्हणाली. "तू फक्त लिहायचं."

घरी अण्णा अंगणात पेंढ्या रचत होते. आजवर आईमार्फत गेलेलं सगळं बोलणं तिने पहिल्यांदा त्यांच्याशी थेट केलं. अण्णांनी आधी हातातली पेंढी रचून घेतली.

"मना वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "इतका येडा काचवाला आसत नाय गो." आणि मग, दुसरीकडे बघत, "भागीला मी सांगतो. त्याला रईवारी बोलव."

रविवारी पाहुणे आले नाहीत. प्रज्वल आला. अण्णांनी सांगितलं असूनही आत्या पोह्याचं पातेलं घेऊन हजर होती, तोंड फुगवून. रंजिताने टेप धरली, आकडे मोठ्याने सांगितले, त्याने मुकाट लिहिले. अण्णा ओटीवर बसून बघत होते. बघता बघता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं,

"घरी कोन कोन आसतं रे तुज्या?"

आत्याचा पातेल्यातला हात थांबला. हा प्रश्न कुणाला, कधी विचारतात, ते टोकावड्यात पोराटोरांना ठाऊक. प्रज्वल उभ्या उभ्या ताठ झाला. सापगावला घर, आई आणि काका असतात, दीड-दोन एकर भात, दुकान काकांचं आणि त्याचं, असं त्याने एका दमात सांगितलं.

"सापगावचा? आपल्या सोयऱ्यांचंच गाव की," आत्या म्हणाली. "मंग आदी बोलायचं ना." जरा वेळाने तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. "खा. भिजवलेलं पोहं काय फेकून द्यू?"

आठवड्याने काच आली. पारदर्शक, साधी दिसणारी, नेमकी. जुनी काच काढताना प्रज्वलने सगळ्यांना लांब उभं केलं. तडकलेली काच अख्खी निघत नाही सहसा. त्याने चौकटीच्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या, दोन्ही तळवे लावले, आणि ती निघाली… टिकल्यांच्या रांगेसकट, तशीच. अण्णांनी पेंढ्याची गादी करून ठेवली होती. तिच्यात निजवून दोघांनी ती माळ्यावर ठेवली. रंजिता चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारत बसली, आणि तिला कुणी हाक मारली नाही.

तो जायला निघाला तेव्हा उन्हं कलली होती. माळशेजकडून येणारी एसटी वळणावर दिसत होती, खिडकीतून अगदी स्वच्छ. रंजिता खाटेच्या जागी उभी होती. चेहरा धुवायला जायचं म्हणून तिने टिकली काढली आणि लक्ष नसताना समोरच्या काचेवर चिकटवली. आई लावायची तितक्याच उंचीवर. मग हात मागे घेतला आणि बघत राहिली.

काचेपलीकडे रस्त्यावर प्रज्वलने मोटरसायकल चालू केली होती, पण तो निघाला नव्हता. या काचेतून तो तिला दिसत होता, आणि ती त्याला. त्याने बोट वर केलं आणि हळूच दाखवलं.

थोडी डावीकडे.

रंजिताने मान हलवली, नाही म्हणून. टिकली जिथे होती तिथेच राहू दिली. मग इकडेतिकडे पाहून, आत्या नाही याची खात्री करून, तिने त्याला जीभ दाखवली.