नवव्या ब्राऊनवर दिलेलं आवतण

ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

हे माझ्या चुलत आजोबांच्या बाबतीत घडलं. ज्या बाईने डोळ्यांनी पाहिलं, तिच्या तोंडून मी ऐकलं. आणि ती बाई भाजीत मीठसुद्धा कधी जास्त घालत नसे, बोलण्यात कुठून घालणार?

जागा बुलढाणा. काळ इंग्रजांचा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा.

वेळ… पोळ्याच्या आदल्या दिवसाची. दिवेलागणीच्या जराशी आधी.

गावाबाहेरच्या माळावर साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. एवढासा पांढरा चेंडू बिळात घालायला अख्खा माळ! माझे चुलत आजोबा शेषराव तिथे मुकादम होते.

मैदान आखलं होतं एका जुन्या साहेबाने. माणूस बरा असावा. त्याने जमीन होती तशी ठेवली. चढ तिथे चढ, नाला तिथे नाला. नवव्या होलच्या, म्हणजे नवव्या भोकाच्या, वाटेत एक खोल खड्डा होता, तोही तसाच राहू दिला. खेळणाऱ्याने छाती असेल तर खड्ड्यावरून चेंडू मारावा, नसेल तर वळसा घालून जावं. खेळातली गंमतच ती.

पण खड्ड्यात गेलेला चेंडू कुणी आणायचा नाही, असा त्याचा कडक नियम होता.

का, ते गावाला ठाऊक होतं.

बुळकांडीच्या साथीत मेलेली ढोरं त्या खड्ड्यात लोटली होती. बुळकांडी तुम्ही पाहिली नाही, तुमचं नशीब. जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. डोळे पुवाने चिकटतात. मागून सारखं पाणी वाहतं. आणि वास असा, की शेजारच्या घरातली माणसं ताटावरून उठतात. एका जनावराने तोंड लावलेलं दुसऱ्याने खाल्लं, की तेही गेलंच समजायचं.

मग नवा साहेब आला.

त्याला सगळं सरळ हवं. चढ कापले. बाभळी तोडल्या. वळणं काढून टाकली. आणि खड्डा बुजवला. नुसता बुजवला नाही, नववं भोक उचलून बरोबर त्याच्या डोक्यावर आणून ठेवलं! नागपूरचे मोठे साहेब खेळायला येणार होते, त्यांच्या पायाला वळसा पडू नये म्हणून. मी या माणसाला कधी पाहिलं नाही, तरी मला त्याची किळस येते. दुसऱ्याने जीव ओतून केलेल्या कामावर रंधा मारायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचं!

आपल्याकडे भोकाभोवती हिरवळ टिकत नसे. म्हणून तिथे तेलात मळलेली वाळू पसरून, रोलर फिरवून सपाट करत. तिला ‘ब्राऊन’ म्हणत.

खड्डा बुजवताना शिंगं वर आली. केसांचे पुंजके आले. शेषरावांनी पाहिलं, नाक दाबलं आणि वर वाळू ओढली.

साहेबाला एक शब्द बोलले नाहीत.

रोलर ओढायला त्यांची स्वतःची जोडी होती. हरण्या आणि पाखऱ्या. जानेफळहून आणलेली. माझ्या चुलत आजीने, रुखमाबाईने, वासरं असल्यापासून हाताने चारून वाढवलेली. तिला मूलबाळ नव्हतं. जे होतं ते हेच.

ब्राऊनवर खूर रुतू नयेत म्हणून बैलांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. ते मैदानावरच कामाला असलेला शकूर शिवायचा. हरण्याच्या पुढच्या उजव्या खुराचं टोक तुटलेलं होतं, म्हणून त्याचा तेवढा एक बूट आखूड होता.

तर त्या संध्याकाळी…

साहेबाचा हुकूम होता, ब्राऊन आजच्या आज तयार पाहिजे. दिवस कलला तरी रोलर चालूच. आणि आमच्या घरची रीत अशी, की पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत बैलांची खांदमळणी व्हायलाच हवी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घर टेकडीखाली, लांब. उशीर झालाच तर असू द्या, म्हणून आजीने सकाळीच वाटी बांधून दिली होती.

शेषरावांनी तिथेच वाटी सोडली.

शकूर म्हणाला, “शेषरावभाऊ, इथं नका करू. बैलं जरा बाजूले घ्या.”

“काऊन?”

“खाली काय हाये, तुमाले मालूम हाये.”

“मेलेलं ढोर काय आयकते बे?”

बैल ब्राऊनवरच उभे होते. बरोबर खड्ड्याच्या डोक्यावर. आजोबांनी पळसाच्या पानाने लोणी लावलं, खांदे चोळले. आणि दरवर्षीसारखं मोठ्याने म्हणाले,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!”

वारा पडला.

किडे गप्प झाले…

आणि वाळूखालून… एक लांब, ओला सुस्कारा आला.

बसलेलं जनावर उठायच्या आधी सोडतं तसा.

शकूर हातातलं सगळं टाकून उतारावरून पळाला. बैल कान मागे टाकून थरथरत होते. आजोबांनी त्यांना घरी आणलं. आजीला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून जोडी घरीच होती. पण साहेबाचा शिपाई आला. शेवटचा हात फिरवायला मुकादम पाहिजे. आजोबा दुपारी एकटेच वर गेले.

ब्राऊनवर ठसे होते.

खुरांचे. उघड्या खुरांचे.

आणि सगळे भोकापासून बाहेर गेलेले. आत येणारा एकही नव्हता…

ठशाठशात लाळ साचली होती. चिकट, पिवळट. वर माश्या घोंघावत होत्या. वास नाकात नाही, थेट घशात उतरत होता. आजोबांनी ओलं पोतं घेतलं आणि वाळूवरून ओढायला लागले. ठसे पुसले.

मागे वळून पाहिलं.

पोत्याच्या मागे… नवे ठसे.

पुन्हा ओढलं. पुन्हा उमटले. हाताला काहीतरी कोमट लागलं म्हणून पाहिलं, तर मनगटावरून लाळेची तार लोंबत होती. ते तिथेच ओकले.

मग त्यांनी मान वर केली. ठसे ब्राऊनवरून चिखलात उतरले होते. चिखलातून पायवाटेवर. पायवाटेने टेकडीखाली…

घराकडे.

आपण काल कोणाकोणाला जेवायला बोलावलं, ते त्यांना तेव्हा कळलं.

आणि घरी रुखमाबाई परात घेऊन बैलांची वाट पाहत असणार!

ते धावत सुटले. वय झालेला माणूस, पण चपला टाकून धावले.

अंगणात पोचले तेव्हा परात मांडलेली होती. पुरणपोळ्या वाढलेल्या. पाखऱ्या दावं ताणून मागे सरकला होता. डोळे पांढरे. हरण्याने मात्र परातीत तोंड घातलं होतं. लहानपणापासून खादाड.

आणि हरण्याच्या बाजूची पोळी… आपोआप तुटत होती.

तुकड्या तुकड्याने. चप… चप…

वरून परातीत लाळ गळत होती. वर कुणीच नव्हतं.

“हरण्याले मांगं ओढ! ओढ त्याले!”

“काय झालं जी?”

“म्या आवतन देल्लं वर. त्या खड्ड्यावर.”

“मंग? आपल्याच बैलाईले ना?”

“त्याईनंबी आयकलं.”

आजीने परातीकडे पाहिलं. सगळं उमगलं तिला. आधी तिने हरण्याची वेसण धरून त्याला खेचलं, तोंड पदराने पुसलं. मग आत गेली आणि उरलेल्या पोळ्या घेऊन बाहेर आली.

“आता काऊन वाढतं व त्याईले?” आजोबा ओरडले.

“बलावलं तुमी. दारात आलेलं उपाशी जाईन का?”

हे सांगताना तिचा आवाज जराही हलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वर साहेबांचा खेळ झाला. नव्या साहेबाने टाळ्यांच्या गजरात चेंडू भोकात घातला आणि तो काढायला हात आत घातला. हात बाहेर आला तो लाळेने भरलेला. सगळ्या पाहुण्यांसमोर तो कोटावर ओकला. मला या गोष्टीत आनंद होण्यासारखं एवढंच आहे. पुढच्या पावसात माती खचली, खड्डा पुन्हा होता तसा खोल झाला आणि नववा होल गेला तो गेलाच.

हरण्या वाचला नाही. सहा-सात दिवसांत गेला. डोळे चिकटले होते, लाळ थांबत नव्हती. आजी शेवटपर्यंत त्याचं तोंड पुसत बसली होती. पाखऱ्या जगला.

आजोबांनी मुकादमी सोडली. जोडीतला उरलेला बैल घेऊन दोघं जानेफळला, आमच्या मूळ गावी, परतली. पुढच्या पोळ्याला आमच्या घरात कुणी खांदमळणीला तोंड उघडलं नाही. आवतण नाही, काही नाही.

तरी संध्याकाळी अंगणात ठसे उमटले…

बरेच. एकामागे एक.

सगळ्यात पुढच्या ठशाचं टोक तुटलेलं होतं.

आजी खाली बसली. त्या ठशावर तळहात ठेवला.

“आला का रे बाप्पा?”

तिच्या हातावर लाळ गळली. तिने ती पुसली नाही.

मरेपर्यंत ती दर पोळ्याला अंगणात परात मांडायची. लाळेने भरलेली परात स्वतः घासायची. मी पाहिलंय. मला तेव्हा जेवण जायचं नाही.

आजी गेली. मी आता मेहकरला राहतो. घरात ढोर नाही, गोठा नाही, सगळीकडे फरशी आहे. पोळ्याला मी दार लावून घेतो. परात मांडायची मला किळस येते, खोटं कशाला बोलू?

गेल्या पोळ्याला रात्री जेवून उठलो आणि दार उघडलं. उंबऱ्याबाहेरची फरशी ओली होती. लाळेच्या तारा. तोच घशात उतरणारा वास. मी नाक दाबून फिनाईल ओतलं, पुसलं, पुन्हा पुसलं.

एक ठसा उंबऱ्याला अगदी लागून होता. टोक तुटलेला.

हरण्या आमच्या दारातून उपाशी गेला.

पोळा पुढच्या आठवड्यात आहे.